सातवीणवाडीचा पाढा

दसऱ्याच्या सकाळी पावणेअकराला फोन वाजला, तेव्हा रायबा गुरुजी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होते.

"गुरुजी, मी माधुरी. स्टुडिओतून बोलतेय." पलीकडचा आवाज कापत होता. "मुलं गेली हो, गुरुजी."

"कुठली मुलं?"

"सातवीणवाडीची. पेटीतून गेली. सगळी."

गुरुजींनी इस्त्रीचं बटण बंद केलं. सदरा तसाच अंगात चढवला. एक बाही चुरगळलेलीच राहिली.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी, सातवीणवाडीवर डोंगर उतरला होता. वाडीच्या एकशिक्षकी शाळेतली अकरा मुलं गेली. शिक्षक तेवढे वाचले, कारण त्या दिवशी ते बैठकीसाठी महाडला गेले होते. ते शिक्षक म्हणजे रायबा गुरुजी. नंतर वर्षभरात ते निवृत्त झाले. मुलांची दप्तरं, कपडे, फोटो, सगळं चिखलाखाली राहिलं. उरली ती एक फिल्म. त्याआधीच्या सव्वीस जानेवारीला पोलादपूरच्या स्टुडिओतून जानू कॅमेरा घेऊन वर गेला होता. फळ्यासमोर उभं राहून प्रत्येक मुलानं आपलं नाव सांगितलं आणि एक पाढा म्हटला. अकरा मुलं, चौदा मिनिटं.

आंबेनळीच्या पायथ्याशी वाडीची नवी वस्ती झाली होती. तिथल्या शाळेत आज चार वाजता ती फिल्म लावायची होती. मुंबईला कामाला असलेले आईबाप त्यासाठी सुट्टी काढून आले होते.

गुरुजींनी स्वतः ती फिल्म कधीच पाहिली नव्हती. स्टुडिओच्या मालकानं, मालोजीनं दोन-तीनदा बोलावलं, पण ते काहीतरी सबब सांगून टाळत आले.

स्टुडिओ बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर. गुरुजी जिना चढले तेव्हा मालोजीचा आवाज खाली येत होता.

"तू बटण दाबलंस ना? मग तूच घालवलंस! आता त्या माणसांना तोंड कसं दाखवू मी?"

माधुरी संगणकासमोर रडत बसली होती. दाराला टेकून जानू उभा होता, हाताची घडी घालून.

"शेठ, सकाळपासून तिलाच झापताय," जानू म्हणाला. "आता पोलीस बोलवा म्हणजे झालं."

"तू गप्प बस. महाडला स्वतःचं दुकान टाकणार आहेस म्हणे. तुझ्यावरही माझा डोळा आहे."

गुरुजी आत आले. खुर्ची ओढून माधुरीसमोर बसले. वर्गात रडणाऱ्या मुलापुढं बसायचे तसे.

"पाणी पी. मग पहिल्यापासून सांग. मला यातलं काही कळत नाही असं समज. खरंच कळत नाही."

माधुरीनं डोळे पुसले. कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर एक काळी पेटी होती, पोळीच्या डब्यापेक्षा जरा मोठी. समोरून झेंडूची माळ सोडली होती. आतून हलकी घरघर येत होती.

"आषाढात बसवली ही. नेटवर्क स्टोरेज म्हणतात. आमचे तिन्ही संगणक तारेनं हिला जोडलेत. कुणीही काम केलं की ते हिच्यात जाऊन पडतं. आत दोन हार्ड डिस्क आहेत. एकीत जे लिहिलं जातं, तेच दुसरीत."

"म्हणजे मध्ये कार्बन कागद घातल्यासारखं."

"अगदी तसंच. महाडचा राजू इंजिनिअर बसवायला आला होता. तो म्हणाला, या जुळ्या बहिणी समजा. एक गेली तरी दुसरी सगळं सांगेल."

"हे त्यानं कुणाकुणासमोर सांगितलं?"

"आम्ही सगळेच होतो. शेठ, जानू, मी. आवडी पुसत होती फरशी."

आवडीला गुरुजी ओळखत होते. सातवीणवाडीचीच. तिची लेक अक्षदा तिसरीत होती. घर गेल्यावर आवडी कापड्याला भावाकडं राहायला आली आणि या स्टुडिओत झाडलोट करू लागली.

"आणि फिल्मची दुसरी प्रत?"

माधुरीनं मान खाली घातली. "पेटीत दोन-दोन आहेत, मग संगणकात कशाला ठेवायची, म्हणून काढून टाकली. मूळ कॅसेट पुरात भिजली होती. आज सीडी करणार होते. शेठ म्हणाले, दसऱ्याचं पहिलं काम हेच करू."

"आज सकाळी काय झालं?"

"काल खंडेनवमी. यंत्रांची पूजा करून सगळं बंद ठेवलं होतं. आज सातला येऊन मी पेटी चालू केली. लाल दिवा लागला, पेटी ओरडायला लागली. पडद्यावर प्रश्न आला की दोन्ही डिस्क सारख्या नाहीत, कुठली खरी धरू, एक की दोन? राजूनं वहीत लिहून ठेवलंय, असं विचारलं तर 'एक' दाबायचं. मी एक दाबलं. अडीच तासांनी हिरवा दिवा लागला. उघडून बघते तर आत काहीच नाही. दोन्ही कोऱ्या."

गुरुजींनी राजूला फोन लावायला सांगितला. राजूनं सगळं ऐकून घेतलं आणि तो सुस्कारला.

"गुरुजी, एका जागी कोरी डिस्क बसली असणार. पेटीला तीच खरी आहे असं सांगितलं गेलं. मग पेटीनं कोरेपणच दुसरीवर उतरवून काढलं."

"कोरी पाटी पाहून लिहिलेली पाटी पुसली."

"हो. आता तिच्यातून काही परत मिळणं कठीण. पण कोरी आली कुठून? एक जास्तीची डिस्क दिली होती मी, अडीअडचणीला. ती ड्रॉवरमध्ये आहे का बघा."

माधुरीनं ड्रॉवर उघडला. पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोकं रिकामं होतं.

मालोजी मटकन बसला. "म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं हे."

"थांब, मालोजी." गुरुजी एकेक शब्द तोलत बोलले. "पेटीत जागा दोन. एकीत कोरी घातली. मग त्या जागी आधी जी भरलेली होती, ती कुठं गेली?"

माधुरीनं मान वर केली.

"चोरानं नेली," गुरुजी म्हणाले. "म्हणजे ती आहे. या जगात कुठंतरी आहे. चार वाजेपर्यंत ती सापडायला हवी. किल्ल्या कुणाकडं असतात?"

"मी, माधुरी, जानू," मालोजी म्हणाला. "आणि आवडी. काल संध्याकाळी पूजेपुढं दिवा लावायला ती आली असेल. पण तिचं सोडा. तिला टीव्हीचा रिमोट धरता येत नाही."

"जानू, काल दुपारनंतर कुठं होतास?"

"हिरकणीवाडीला. रोपवेवर पाहुण्यांचे फोटो काढत होतो. रात्री तिथंच झोपलो मावशीकडं. विचारा."

"पिशवीत काय काय असतं तुझ्या?"

जानूनं पिशवी ओतली. लेन्स, सेल, फडकी, पेचकसांचा छोटा संच. मालोजीचे डोळे चमकले.

"बघा! पेचकस!"

"शेठ, पेचकस न्हाव्याकडं पण असतो."

गुरुजी उठून पेटीपाशी गेले. शेजारच्या पाटावर कालची पूजा तशीच होती. कॅमेरा, कात्री, स्टुडिओचा मोठा पेचकस. पेचकसावर हळदकुंकू वाळलं होतं आणि त्यावर ठेवलेलं झेंडूचं फूल जागचं हललं नव्हतं. त्यांनी पेटीवरची माळ बोटानं बाजूला केली.

"मालोजी, हे स्वस्तिक तू काढलंस?"

"हो. काल अकराला. पेटीच्या बरोबर मध्यावर."

पेटीच्या तोंडाला दोन ट्रे शेजारी शेजारी होते. दोन्ही ट्रे मिळून एक स्वस्तिक असायला हवं होतं, मधली उभी रेघ दोघांच्या फटीवर. पण फटीवर काहीच नव्हतं. कुंकवाच्या उभ्या रेघा दोन्ही बाहेरच्या कडांना गेल्या होत्या. डावीकडचं उजवीकडं, उजवीकडचं डावीकडं.

माधुरी जवळ आली आणि तिनं तोंडावर हात धरला. माळेमुळं सकाळी तिला ते दिसलंच नव्हतं.

"पेटी बंद कर आणि ट्रे बाहेर काढ," गुरुजी म्हणाले.

तिनं दोन्ही ट्रे ओढले. डिस्क चार-चार बारीक स्क्रूंनी बसवलेल्या होत्या. एका ट्रेचे स्क्रू नवेकोरे. दुसऱ्याच्या स्क्रूंना चरे पडले होते, जणू कुणी पात्याच्या टोकानं खरवडून फिरवले होते. त्याच ट्रेच्या कोपऱ्यातून काहीतरी टेबलावर सांडलं.

भाताचे पाच दाणे. टरफलासकट.

"अक्षता असतील पूजेच्या," मालोजी म्हणाला.

"अक्षता तांदळाच्या. त्यांना तू कुंकू लावलंस. हे भात आहे, नुकतंच झोडलेलं."

गुरुजींनी पेटीची बाजू पाहायला खाली वाकायचा प्रयत्न केला. स्टूल इतकं बुटकं होतं, की त्यांना गुडघ्यावर बसावं लागलं. पेटीच्या उजव्या अंगाला, वरच्या कोपऱ्याजवळ, तळहाताएवढा तेलकट डाग होता.

"हे काय?"

"रोज सकाळी पुसते मी ते," माधुरी म्हणाली. "खोबरेल आहे. कुठून लागतं कळत नाही. आज पुसायचं राहिलं."

गुरुजी गुडघ्यावरच राहिले. मग त्यांनी डोकं जरा कलतं केलं. त्यांचा कान नेमका त्या डागावर आला.

ते बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"गेल्या आठवड्यात या फिल्मबद्दल इथं काही बोलणं झालं होतं का?"

मालोजी आठवू लागला. "तसं काही नाही... हां, माधुरीला म्हणालो होतो, दसऱ्याला सीडी देऊन झाली की जुनं सगळं पेटीतून काढून टाक, जागा अडते."

"आणि फरशी कोण पुसत होतं?"

मालोजी कोपऱ्यातल्या बादली-फडक्याकडं बघू लागला.

"रिक्षा बोलव," गुरुजी म्हणाले. "कापड्याला जायचंय. आणि राजूला सांग, महाडहून निघ."

आवडी अंगणात सुपानं भात पाखडत होती. रिक्षातून तिघं उतरलेली पाहून तिचा हात थांबला. ती उठली नाही.

मालोजी पुढं झाला. "आवडी, तू..."

गुरुजींनी त्याचा दंड धरला. मग ते स्वतः अंगणात तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"आवडी, मी सांगतो. कुठं चुकलो तर मला थांबव."

ती सुपाकडं बघत राहिली.

"माधुरी फिल्म लावायची तेव्हा तू अक्षदाचा आवाज ऐकलास. माधुरीनं तुला सांगितलं, तो या पेटीत असतो. पेटी घरघरायची. रोज संध्याकाळी झाडून झालं, की तू पेटीला कान लावून बसायचीस. तुझ्या केसांचं तेल तिला लागायचं. तिथं फरशीवर गुडघे टेकणारं दुसरं कुणी नाही."

आवडीच्या हातातलं सूप खाली आलं.

"शेठ म्हणाले, जुनं काढून टाका. ते तू ऐकलंस. राजूचं बोलणंही तुझ्या लक्षात होतं, आत दोन आहेत, सारख्याच. त्यांच्याकडं दोन आणि तुझ्याकडं एकही नाही. काल दिवा लावायला आलीस. पेटी बंद होती. दोन्ही ट्रे काढलेस. पाटावर पेचकस होता, पण पुजलेल्या हत्याराला दसऱ्याआधी तू कशी हात लावशील? जानू असता तर त्यानं पिशवीतला घेतला असता, चरे पडले नसते. तू कमरेचा विळा काढलास."

"टोक मोडलं त्याचं," आवडी पुटपुटली.

"एक डिस्क घेतलीस. आणि मग..." गुरुजी इथं अडखळले. "कुणाच्या घरून काही आणलं, तर आपण त्याचं भांडं रिकामं परत देत नाही. चिमूटभर का होईना, काहीतरी घालतो. तू जागा रिकामी ठेवली नाहीस. ड्रॉवरमधली डिस्क तिथं बसवलीस. वर आपल्या घरच्या, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचे पाच दाणे ठेवलेस. ते दाणे पाहिले आणि मी ओळखलं. चोर कुणी दाणे ठेवून जात नाही."

"मालकांचं नुकसान नको व्हाया म्हून," ती म्हणाली. "नवी कोरी होती ती. मी जुनी घेतली, नवी ठेवली. चोरी नाय केली, गुरुजी."

"ट्रे परत ढकलताना डावं-उजवं झालं. म्हणून कोरी डिस्क पहिल्या जागी आली. माधुरीनं लिहिल्याबरहुकूम एक दाबलं, आणि पेटीनं दुसरी पुसली. माधुरीचा यात दोष नाही, मालोजी. आणि हिचाही..."

"पुसली?" आवडीनं विचारलं. "म्हंजे पोरं?"

"तिथली गेली. सगळी. तू जागा रिकामी ठेवली असतीस, तर राहिली असती."

आवडीनं छातीवर हात मारून घेतला. "माझ्या हातानं? गुरुजी, माझ्या हातानं गेली? गोदूबायचा भिकू पन? अमिता पन?"

माधुरी धावत पुढं आली आणि तिनं आवडीचे हात धरले. "गो बाई, ऐक. तुझ्याकडं आहे ती भरलेली आहे. तीच एक आहे आता. कुठं ठेवलीस?"

आवडी आत गेली. भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिनं एक गाठोडं काढलं. स्वच्छ धुतलेल्या फडक्यात डिस्क होती. तिनं ती मालोजीपुढं धरली, पण बोटं सोडवेनात.

"घरी आनल्यापासून बोलत नाय ती," ती म्हणाली. "रातभर कान लावला. एकदा पन घरघरली नाय."

मालोजी खिशातला रुमाल शोधू लागला. "अगं, मला विचारायचंस तरी..."

"काय इचारू, शेठ? पोरगी द्या म्हून?"

दोन वाजता राजू एसटीनं पोहोचला. त्यानं चष्मा लावून डिस्क उलटसुलट पाहिली, फुंकर मारून भाताचं एक कुसळ काढलं आणि ती वेगळ्या तारेनं माधुरीच्या संगणकाला जोडली. सगळे उभे होते. आवडी दारात, उंबऱ्याबाहेर.

डिस्क घरघरली. पडद्यावर एक फोल्डर उघडलं.

"आहेत," राजू म्हणाला. "अकराही आहेत."

मालोजी माधुरीसमोर जाऊन उभा राहिला. शेवटी तो म्हणाला, "चार सीडी कर. नाही, बारा कर. घरटी एक आणि शाळेला एक."

"आणि तुम्हाला, शेठ?" जानूनं विचारलं.

"माझी पेटी आहे ना. तीन-तीन प्रती ठेवीन आता."

चार वाजता नव्या शाळेच्या वर्गात माणसं दाटीवाटीनं बसली होती. गुरुजी मागं, भिंतीला टेकून. निघून जावं असं त्यांना दोनदा वाटलं. फिल्म काढताना आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवत होतं. गेली तीन वर्षं रोज आठवत होतं.

एकेक मूल फळ्यासमोर येत होतं, नाव सांगत होतं, पाढा म्हणत होतं. वर्गात कुणाचा तरी हुंदका, मग शांतता, मग पुढचं मूल. सातवी अक्षदा. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली.

"माझं नाव अक्षदा. सातचा पाढा. सात एके सात, सात दुणे चौदा..."

ती भरभर म्हणत गेली. साती साती एकोणपन्नास. मग अडली. कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "साती आठी चोपन्न."

"चूक!" पडद्याबाहेरून गुरुजींचाच आवाज आला, करडा. "लक्ष कुठं आहे? परत म्हण. पहिल्यापासून."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिनं नाक ओढलं आणि पुन्हा सुरुवात केली. "सात एके सात..."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, आठ वर्षांच्या लेकराला. एवढं चोपन्न सोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

कुणीतरी त्यांच्या बाहीला हात लावला. तीच चुरगळलेली बाही. आवडी त्यांच्याजवळ सरकून बसली होती. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "बाकीची पोरं एकदाच बोलतात. माझी दोनदा बोलते. तुम्ही परत म्हनाया लावलं म्हून."

पडद्यावर पाढा पुढं सरकत होता. साती साती एकोणपन्नास. अक्षदा थांबली, श्वास घेतला.

"साती आठी छप्पन्न."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. फिल्ममध्ये त्यांनी तसं म्हटलं नव्हतं.